पवन्याचं बी

आमची खिलार गाय मुरघास खात नव्हती. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

सांगोल्याहून थोडं आत आमची वस्ती आहे. घरात तेव्हा माणसं तीन: मी, मालक आणि सासरे. नवऱ्याला आमच्याकडे मालक म्हणतात, त्यात मालकी किती असते ते सोडा. सासऱ्यांना मी मामा म्हणते, मालक आण्णा म्हणतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न करून लांब दिली. गोठ्यात तीन जर्सी गाई आणि ही एक खिलार. जर्सी मालकांच्या आणि खिलार मामांची, असं कुणी वाटून दिलेलं नव्हतं, पण घरातल्या मांजरालासुद्धा ते माहीत होतं.

मका चिकात आली, दाण्यात दूध भरलं, की कापायची, तिची बारीक कुट्टी करायची, मोठ्या पिशवीत पायाने तुडवून तुडवून भरायची, आतली हवा काढून तोंड आवळून बांधायचं. दीडेक महिन्याने पिशवी उघडली की आंबूस वास सुटतो. त्याला मुरघास म्हणायचं. जर्सी त्या वासाने दावी तोडायला बघतात. आमच्या खिलारने पहिल्या दिवशी पाटीला नाक लावलं, फुर्र केलं आणि शिंगाने पाटी उलटी केली. मालकांनी दोन दिवस तिला दुसरं काही घातलं नाही, भूक लागली की खाईल म्हणाले. तिने पाण्यावर दिवस काढले. तिसऱ्या दिवशी मामा स्वतःचं ताट बाजूला सारून उठले आणि शेजारच्या वस्तीवरून कडब्याची पेंडी मागून आणली. तेव्हा मालकांनी तिच्यापुढची मुरघासाची पाटी उचलली.

पण कडबा आणायचा कुठून? पूर्वी इथे जिकडेतिकडे ज्वारी असायची. आता ज्याने त्याने डाळिंब लावलं, नाहीतर मका. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही म्हणतात. मालकांचं म्हणणं असं की, जी गाय जवळपास भाकड झाली, जी मुरघास खात नाही, तिच्यासाठी गावभर कडबा हुडकत का फिरायचं? म्हणणं चुकीचं होतं का? नव्हतं. मला तेच जड जायचं. मालक वाईट बोलले असते तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

मामांनी मग माळ मागितला. घरामागे आमचा खडकाळ माळाचा तुकडा आहे, नांगर कधी न लागलेला. त्यावर नुसती कुसळी. कुसळी म्हणजे ते गवत, ज्याची कुसळं लुगड्यात घुसतात, पायात घुसतात आणि गाईच्या हिरड्यांत मोडून बसतात. मामा म्हणायचे, त्यांच्या लहानपणी त्या माळावर पवना असायचा, गुडघ्याएवढा, आणि दिवाळीनंतर त्याची गंज रचायचे. कुसळी काढून तिथे चांगलं गवत पेरायचं आणि गाय त्यावर पोसायची, असा त्यांचा बेत. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीपत्तुर माळावर तिचं प्वाट भरलं, तर ऱ्हाऊ द्या तिला. न्हाय भरलं, तर मी बाजार दावणार, आण्णा. मग मधी बोलायचं न्हाय."

मामांनी मान हलवली. तोवर तिच्यापुरता कडबा त्यांनीच मागून आणायचा, एवढंच काय ते ठरलं.

ते वर्ष खरं तर बियाण्यांचंच होतं. खालच्या बोअरच्या रानात मुरघासासाठी काय पेरायचं यावरून माझी आणि मालकांची वेगळीच जुंपली होती. नुसती मका पेरून पेरून जमीन हाडकली होती. दुकानदार म्हणाला, मक्यात चवळी मिसळा, वेल ताटावर चढतो, मुरघासाला सकस पडतं आणि जमिनीलाही बरं. मालकांना चवळीचा वेल कुट्टीच्या मशीनमध्ये अडकेल याची काळजी. मी म्हटलं, मशीन काय सोन्याचं आहे का? शेवटी दोन वाट्यांना एक वाटा चवळी घातली. ती चांगली आली. ते रान चांगलंच यायचं, त्याला पाणी होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

माळाचं बी आणायला मी आणि मामा एसटीने सोलापूरला गेलो. तिथे गवताचं बी देणारं एक कार्यालय आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. टेबलामागे एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी चिमूट चिमूट बी बशांत काढून दाखवलं. अंजन, मारवेल, पवना आणि स्टायलो नावाचं एक शेंगवर्गी. मामांना ज्वारीचं बी दाताखाली धरून बघायची सवय. त्यांनी अंजनचं बी तोंडात टाकलं आणि काहीच लागेना. नुसता कापसासारखा भुसा. ते खोकायला लागले, मला हसू आवरेना, मॅडमनी पाणी आणून दिलं. मामा म्हणाले, ह्याच्यात दाणाच न्हाय की.

मॅडमनी शांतपणे समजावलं. एकच गवत पेरू नका. अंजन दुष्काळ काढतं, मारवेल जनावराला आवडतो, पवना खडकाळ जागी धरतो, आणि स्टायलो नुसत्या गवताला जोड म्हणून, डाळीसारखं. पाऊस कसाही झाला तरी यातलं एखादं तरी उभं राहील. पहिलं वर्ष जनावर आत सोडायचं नाही, रोपांची मुळं धरलेली नसतात, ओढली की मुळासकट हातात येतात. दिवाळीच्या सुमाराला विळ्याने कापून घाला, चरायला पुढच्या वर्षी. मामा हे सगळं ऐकत होते आणि बोटांनी पवन्याचं बी चोळत होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत घरात काही आणायचं ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग पिशव्यांची वेळ आली. एक पिशवी मागच्या वर्षीच्या बियाची, एक यंदाच्या. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, मागच्या वर्षीचं घ्या. गवताचं बी ताजं असलं की झोपलेलं असतं. वर्षभर ठेवलं की उगवतं."

मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू बाईने त्यांना शिळी भाकरी वाढली. आयुष्यभर ज्याने कणगीतलं ताजं, घट्ट बी निवडून पेरलं, त्याला कुणी जुनं बी घे म्हणावं? त्यांनी ताजीच पिशवी उचलली. मीही अडवलं नाही. माझ्या माहेरी काय वेगळं होतं? येताना एसटीत मामा दोनदा आपल्याशीच हसले. "बी झोपतंय व्हय," म्हणाले. स्टायलोचं बी गरम पाण्यात बुडवून काढायला सांगितलं होतं, त्याचं कवच टणक असतं म्हणून. मी चुलीवर पाणी ठेवलं तर त्यांनी माझ्या हातातून बियाची पुडी काढून घेतली. उकडलेलं बी उगवतं का, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, तुमचा माळ, तुमची गाय, पेरा कच्चं.

मे महिनाभर आम्ही दोघांनी कुसळी खणून काढली. खुरप्याने जमेना तिथे टिकाव. ऊन एवढं कडक की पहाटे उठायचं आणि सूर्य वर आला की थांबायचं. माझ्या तळहातांना फोड आले, मामांची कंबर धरली, पण त्यांनी एक बुडखा मागे ठेवला नाही. तेव्हा मला कळलं नाही, आपण जे वाईट होतं तेही काढून टाकतोय. माळ उघडा झाला. मग बाभळीच्या शिऱ्या, म्हणजे काट्याच्या मोठ्या फांद्या, तोडून आणून चारी बाजूंनी कुपाटी घातली. आत जायच्या जागी एक मोठी शिरी आडवी टाकली.

मृगाचा पाऊस बरा झाला. बी वाऱ्याने उडतं म्हणून ओल्या मातीत कालवून मामांनी हाताने फेकलं, मागून मी एक काटेरी फांदी ओढत फिरले. पंधरवड्याने काही ठिकाणी हिरवं दिसायला लागलं. दाट नव्हतं. मारवेल थोडा, अंजनची एखादी काडी, मधे मधे मोठी टकलं. मामा दिवसातून किती वेळा कुपाटीपाशी जाऊन उभे राहायचे, काही सांगू नका. मी चेष्टा करायचे, मामा, तुमच्या नजरेनं वाढणार न्हाय ते. ते म्हणायचे, बगायला काय जातंय? गाय दावणीला उभी राहून त्या हिरव्या वासाकडे तोंड करायची. मामा तिच्या मानेखाली खाजवत तिला सांगायचे, दिवाळीला, दिवाळीला.

आणि मग बेंदूर आला.

आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी हळद चोळायची, दुसऱ्या दिवशी धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून मिरवायचं, पुरणपोळीचा घास द्यायचा. आमच्या माळाच्या कडेला म्हसोबाचं ठाणं आहे. आसपासच्या वस्त्यांवरचे बैल तिथे येतात, नारळ फुटतो आणि मग बैल आमच्या माळावर सोडतात. हा मान आमच्या घराकडे मामांच्या आजोबांपासून. त्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही, मारायचं नाही आणि गवतावरून परतवायचं नाही.

मी आधीपासून बंदोबस्त केला होता. पिठाच्या गिरणीत सांगितलं, दूध घालायला जाते तिथे सांगितलं, यंदा आमचा माळ बंद आहे हो, गवत पेरलंय. सगळे बरं बरं म्हणाले. बैल तरी आता किती राहिलेत? ट्रॅक्टर आले तसे एकेक करत गेले. दोनच जोड्या आल्या, शिवाय दोनचार गाई. मामांनीही आमच्या गाईची शिंगं हिंगुळाने रंगवली होती, सण बैलांचा असला तरी. नारळ फुटला. आणि सवयीने, कुणी काही न बोलता, ती सगळी जनावरं कुपाटीपाशी येऊन उभी राहिली. माणसंही उभी राहिली. सोडा असं कुणी म्हणालं नाही. माघारी चला असंही कुणी म्हणालं नाही. त्यांनी तोंडाने मागितलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. पण न मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

मामा पुढे झाले. मी त्यांच्या मागे धावले. म्हटलं, "मामा, रोपं अजून बोटभर हायत. समदी मुळासकट येतील."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. आणि शिरीला हात घालून थांबले, वळून माझ्याकडे बघितलं. "आज बैलाला माघारी लावायचं न्हाय, बाई."

त्यांनी शिरी उचलून बाजूला टाकली. हाताला काटा लागला तो धोतराला पुसला. सगळ्यांच्या आधी आमचीच गाय आत गेली.

मी तिथे थांबले नाही. घरी आले आणि भांडी आदळली, पुरणपोळी तव्यावर करपवली, मामांचं ताट वाढलं ते पाणी सांडेल एवढ्या जोराने ठेवलं. त्यांनी सांडलेलं पाणी पुसलं आणि जेवले. मला आजही त्या दिवसाचा राग येतो. मे महिनाभर माझ्या हाताची सालं निघाली होती. ज्या गाईसाठी हे सगळं, तिचा निकाल त्यांनी स्वतःच्या हाताने लावला, आणि कशासाठी? दोन बैलजोड्यांना तासभर बोटभर गवत मिळावं म्हणून. त्यांना गाय पाहिजे होती आणि माळाचा मानही पाहिजे होता. दोन्हीतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा बघण्यापुरतं थांबून निवडलं. एवढा चटकन निवाडा मला जन्मात जमणार नाही, आणि म्हणूनच कदाचित राग येतो.

संध्याकाळी मालक माळाकडे जाऊन आले. खुरांचे खड्डे, शेण, उपटलेली रोपं. हात धुता धुता म्हणाले, "आण्णांनीच मिटवलं." श्रावणात पावसाने दडी मारली. जी काही रोपं उरली होती ती वाळून गेली. टकलांना टकलं मिळाली आणि माळ नुसता लाल दिसायला लागला. कुसळीही नव्हती आता. मामा कुपाटीपाशी जायचे बंद झाले.

दिवाळी झाली. मालकांनी विषय काढला नाही, मामांनीच काढला. पाडव्यानंतरच्या बाजाराच्या सकाळी त्यांनी गाईला गरम पाण्याने धुतलं, पाठीवरून हात फिरवला, मला तिच्या पाया पडायला लावलं. मी पडले आणि रडलेही. ती शहाणी, गुमान टेम्पोत चढली. मंगळवेढ्याकडचा कुणी खिलारांचा नादी होता, त्याने घेतली, चांगल्या घरी गेली असं मालक म्हणाले. ते मुद्दाम चांगलं गिऱ्हाईक बघत संध्याकाळपर्यंत थांबले होते, हे मला दुसऱ्याकडून कळलं. गाय द्यायची पण दावं द्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. मालकांनी दावं परत आणून मामांच्या हातात दिलं. मामांनी ते गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

तो हिवाळा, तो उन्हाळा घर कसं मुकं झालं होतं. मामा जर्सींच्या अंगाला हात लावत नसत असं नाही, पाणी दाखवायचे, शेण काढायचे. पण बोलायचे नाहीत त्यांच्याशी. मी एकदा म्हटलं, त्या पण जनावरंच की. ते म्हणाले, व्हय की. तेवढंच.

दुसऱ्या वर्षी वळीव जोरात झाला. मे सरता सरता मी सरपणाला माळाकडे गेले आणि पायाला मऊ लागलं. वाकून बघितलं तर दाट हिरवी लव. टकलांवर, खुरांच्या खड्ड्यांत, वाळलेल्या शेणाच्या भोवतीनं तर जास्तच. मी तिथेच बसले. मॅडमचं बोलणं आठवलं. ते झोपलेलं बी वर्षभर मातीत पडून आता उठलं होतं. बैलांच्या खुरांनी ते आत दाबलं होतं, शेणाने झाकलं होतं. जे उपटलं गेलं ते थोडंच होतं, उरलेलं सगळं खालीच होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला सणकून राग आला. आता येतंय व्हय, असं मी त्या गवतालाच म्हटलं. कुणी ऐकलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

मामांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. काठी टेकत आले. एक काडी दोन बोटांत धरून खालून वर ओढली. "पवना," म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी काडी सोडली नाही.

बेंदरापर्यंत गवत गुडघ्याला आलं. मामांच्या तोंडून ऐकलेलं पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते मी. सणाच्या दिवशी सकाळी मामांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि आपणहून जाऊन कुपाटीची शिरी बाजूला केली. म्हसोबापाशी पाण्याची बादली भरून ठेवली. मग दगडावर बसले. गेल्या वर्षीच्या दोन जोड्यांपैकी एक हिवाळ्यातच विकली गेली होती, दुसरीतला एक बैल मेला आणि उरलेला एकटा काय कामाचा, म्हणून तोही गेला. हे मामांना ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. तरी ते बसले. दुपारी वस्तीवरचा ट्रॅक्टर आला, धुतलेला, हार घातलेला, नांगराला झिरमिळ्या बांधलेल्या. पोरांनी गाणी लावली, नारळ फोडला, मामांच्या पाया पडले आणि ट्रॅक्टर वळवून गेले. मामा बसूनच होते. वाऱ्याने गवत एका अंगाला कलायचं आणि परत उभं राहायचं.

मला ते बघवेना. मी गोठ्यात गेले, खुंटीवरचं ते दावं काढलं, त्यातल्या गरीब स्वभावाच्या जर्सीच्या गळ्यात बांधलं आणि तिला ओढत माळाकडे नेलं. ती आमच्याच गोठ्यात जन्मलेली, गोठ्याबाहेर पन्नास पावलंसुद्धा कधी न चाललेली. दगडावर पाय घसरायचा की थांबायची. मागून ढकलत, शिव्या घालत मी तिला कुपाटीच्या आत नेलं. मामा उठून उभे राहिले. त्यांनी दाव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

जर्सी गवतात उभी राहिली. तिच्या ढोपराला गवत लागलं तशी ती दचकली आणि पाय उचलायला लागली. खाली मान घालून चरायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचं खाणं आजवर पाटीतून तोंडापुढे आलेलं. मामा वाकले. पवन्याची एक मूठ उपटली, मुळं निघाली नाहीत, नुसता पाला तुटून हातात आला. ती मूठ त्यांनी तिच्या तोंडापुढे धरली. तिने नाक लावलं, फुर्र केलं आणि मान फिरवली. गोठ्याकडे तोंड करून हंबरायला लागली. मुरघासाची वेळ झाली होती.

मामांनी हात तसाच धरून ठेवला होता. मग तो खाली घेतला.

"ने बाई तिला घरी," म्हणाले. "भूक लागली आसंल तिला."